वारेचा वारसा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)



गरोदरपणात बाईचं काही बिघडलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो तिच्या वागण्याचा. काय खाल्लं, कुठे गेली, जड काही उचललं का, ग्रहण पाळलं का. दुसरा प्रश्न निघतो तिच्या माहेराचा. ‘यांच्या घरातच असेल काहीतरी.’ तिसरा प्रश्न सहसा निघत नाही. मूल ज्याचं आहे त्या बापाच्या घराण्याकडून काय आलं असेल, हे कोणी विचारत नाही. आज मला ह्या तिसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचं आहे. गेल्या काही दशकांत आनुवंशिकीने गरोदरपणातल्या धोक्यांचा जो शोध घेतला, त्याने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बदलली आहेत आणि तिसरा प्रश्न टाळता येणार नाही अशी स्थिती आणली आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या जर्सी सिटीपासून करते. तिथल्या मार्गारेट हेग प्रसूतिगृहात लिऑन चेस्ली नावाचे संशोधक काम करत. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. मंदीच्या काळात त्यांना प्रसूतिगृहात नोकरी मिळाली आणि तिथेच त्यांचं आयुष्यभराचं काम उभं राहिलं. १९३१ ते १९५१ ह्या काळात त्या रुग्णालयात गरोदरपणातले झटके येऊन वाचलेल्या २७० बायका होत्या. चेस्लींनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. १९७० च्या दशकापर्यंत, एक बाई वगळता, सगळ्यांचा माग त्यांनी ठेवला. कोण कुठे राहायला गेली, तिचं पुढे काय झालं, तिच्या लेकींना मुलं झाली तेव्हा काय झालं. संगणकाआधीच्या काळातलं हे काम आहे, पत्रं आणि दूरध्वनींच्या जोरावर केलेलं. मला ते वैद्यकातल्या थोर कामांपैकी एक वाटतं.

हे झटके म्हणजे काय, ते इथे अनेकांना माहीत आहे. तरी सगळ्यांसाठी सांगते. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त होतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या बिंबिका यांवर परिणाम दिसू लागतो. ह्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. आपल्या बाह्यरुग्ण विभागात त्याला नुसतं ‘बीपी वाढलंय’ म्हणतात. डोकं ठणकतं, डोळ्यांसमोर अंधारी येते, बरगड्यांखाली दुखतं. वेळीच आवरलं नाही तर झटके येतात, म्हणजे एक्लॅम्पसिया होतो. जगातल्या शंभर गरोदरपणांपैकी २ ते ८ मध्ये प्रीएक्लॅम्पसिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्यामुळे दर वर्षी सुमारे ४६ हजार माता आणि ५ लाखांच्या आसपास गर्भ व नवजात बाळं दगावतात.

चेस्लींनी झटके आलेल्या बायकांच्या लेकी आणि सुना, दोघींचीही पहिली बाळंतपणं तपासली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आकडे आहेत. लेकींमध्ये प्रीएक्लॅम्पसियाचं प्रमाण २६ टक्के, नातींमध्ये १६ टक्के, बहिणींमध्ये ३७ टक्के आणि सुनांमध्ये ६ टक्के. म्हणजे हा रोग रक्तातून उतरतो, आणि आईकडून लेकीकडे उतरतो, असा निष्कर्ष निघाला. एकच जनुक जबाबदार असेल, असाही तर्क चेस्लींनी मांडला. त्या काळाला तो साजेसा होता. पण चित्र अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं नॉर्वेतून आलं. १९६७ पासून त्या देशात जन्मलेल्या प्रत्येक मुलाची वैद्यकीय नोंद एका राष्ट्रीय नोंदवहीत होते. आई कोण, बाप कोण, गरोदरपणात काय झालं, सगळं त्यात असतं. बर्गनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये त्या नोंदींतून एक सरळ प्रश्न विचारला. एका पुरुषाच्या पहिल्या जोडीदारिणीला प्रीएक्लॅम्पसिया झाला, पुढे तो दुसऱ्या बाईच्या मुलाचा बाप झाला, तर ह्या दुसऱ्या बाईला काय होतं? तिचा धोका जवळपास दुपटीने, म्हणजे १.८ पट, वाढलेला निघाला. तिच्या स्वतःच्या मागे असा काही इतिहास नसतानासुद्धा. २००५ मध्ये त्याच नोंदवहीतून आणखी एक गोष्ट कळली. प्रीएक्लॅम्पसियाच्या गरोदरपणातून जन्मलेली मुलगी स्वतः गरोदर राहिली तर तिचा धोका दुपटीहून थोडा जास्त असतो. आणि अशा गरोदरपणातून जन्मलेला मुलगा बाप होतो तेव्हा त्याच्या जोडीदारिणीचा धोका दीडपट असतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातही २००१ मध्ये असंच दिसलं होतं.

दीडपटीचा हा आकडा मी पहिल्यांदा वाचला त्यानंतर माझ्या कामाची एक सवय बदलली. सुनेचं बीपी वाढलं म्हणून तिला घेऊन आलेल्या सासूबाईंना मी त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणांविषयी विचारू लागले. बहुतेकींना आश्चर्य वाटतं, काहींना राग येतो. पण काही जणी थांबून सांगतात की हो, ह्याच्या वेळी माझ्या पायांना फार सूज होती, तालुक्याला न्यावं लागलं होतं, शुद्ध हरपली होती. तीस वर्षांत ही गोष्ट कोणी विचारलेलीच नसते. ती घरात असते, कागदावर नसते.

बापाकडून आलेली गोष्ट आईच्या रक्तदाबात कशी शिरते? ह्याचं उत्तर वारेत आहे. मूल जन्मल्यावर वार पडते, ती पुरतात, तिच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. पण वार हा आईचा अवयव नाही. ती मुलाच्या पेशींपासून तयार होते, त्यामुळे तिच्यातली निम्मी जनुकं बापाकडून आलेली असतात. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या नागमोडी रक्तवाहिन्यांचं रूप बदलतात. अरुंद, आखडणाऱ्या वाहिन्या रुंद आणि सैल होतात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळेल. हे काम अपुरं राहिलं तर वारेला रक्त कमी पडतं. मग वार आईच्या रक्तात काही द्रव्यं सोडू लागते.

इथे मला द्राक्षगर्भाचा उल्लेख करायलाच हवा. गर्भाशयात मूल नसतं, फक्त वारेच्या ऊतींचे द्राक्षांच्या घोसासारखे फुगे वाढतात, अशी ही अवस्था आहे. १९७७ मध्ये जपानी संशोधक काजी आणि ओहामा यांनी दाखवलं की पूर्ण द्राक्षगर्भातली गुणसूत्रं सगळीच्या सगळी बापाकडून आलेली असतात. आईचं केंद्रक त्यात उरलेलंच नसतं. आणि अशा गरोदरपणात २० आठवड्यांच्या आधीसुद्धा प्रीएक्लॅम्पसिया होऊ शकतो, जो एरवी इतक्या लवकर जवळजवळ कधीच होत नाही. मूल नाही, आईची जनुकं नाहीत, फक्त बापाच्या गुणसूत्रांची वार आहे, आणि आईचा रक्तदाब चढतो. ज्यांना अजूनही वाटतं की हा बाईच्या शरीराचाच दोष, त्यांनी ह्या एका उदाहरणावर विचार करावा.

वार काय सोडते ते २००३ मध्ये स्पष्ट झालं. तेव्हा बॉस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसफ्लिट-१ नावाच्या प्रथिनाचा ह्या रोगातला वाटा शोधला. प्रीएक्लॅम्पसियात वार ते फाजील प्रमाणात बनवते. रक्तवाहिन्यांची अस्तरं निरोगी ठेवणारी वाढद्रव्यं हे प्रथिन रक्तातच पकडून ठेवतं, त्यामुळे ती अस्तरांपर्यंत पोचत नाहीत. गाभण उंदरिणींना हे प्रथिन दिलं तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली. ह्या शोधातून रक्तचाचणी तयार झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली.

आता जनुकं पाहा. एसफ्लिट-१ ज्या जनुकातून बनतं ते एफएलटी१ जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. ज्या बाळांमध्ये तेरावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असतं त्यांच्या आयांना प्रीएक्लॅम्पसिया जास्त होतो, हे प्रसूतितज्ज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. २०१७ मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी प्रीएक्लॅम्पसियाच्या गरोदरपणांतून जन्मलेल्या २,६५८ जणांच्या जनुकसंचाची तुलना लाखो इतरांशी केली. एका ठिकाणी ठळक फरक सापडला आणि ती जागा एफएलटी१ जनुकाच्या शेजारची होती. लक्षात घ्या, हा फरक मुलांच्या जनुकसंचात होता. आयांच्या जनुकसंचात नंतरच्या अभ्यासांनी जे फरक दाखवले ते मुख्यतः आयुष्यभराच्या रक्तदाबाशी आणि वजनाशी संबंध असलेले होते. स्वीडनच्या नोंदींवरून २००४ मध्ये केलेल्या गणितात प्रीएक्लॅम्पसियाच्या एकूण कारणांपैकी ३५ टक्के वाटा आईच्या जनुकांचा, २० टक्के मुलाच्या जनुकांचा, १३ टक्के त्या जोडप्याच्या एकत्र येण्याचा आणि साधारण एक तृतीयांश इतर गोष्टींचा आला. जोडप्याचा वाटा म्हणजे दोघांपैकी कोणा एकावर बोट ठेवता येत नाही असा भाग. त्याचा एक संभाव्य खुलासा केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्या कामातून मिळतो.

गर्भाशयाच्या अस्तरात आईच्या प्रतिकारयंत्रणेच्या खास पेशी असतात. वार आत शिरते तेव्हा ह्या पेशी तिची ओळख पटवतात. त्यांच्यावरचे ग्राहक केआयआर कुटुंबातल्या जनुकांतून बनतात आणि ही जनुकं माणसामाणसांत फार वेगवेगळी असतात. वारेच्या पेशींवरच्या एचएलए-सी प्रथिनाचे दोन मुख्य प्रकार आहेत, आणि बाळाकडच्या त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बापाकडून येते. २००४ मध्ये मॉफेट यांच्या गटाने दाखवलं की आईच्या केआयआर जनुकांचा एक विशिष्ट संच आणि बाळाचा एचएलए-सी२ प्रकार एकत्र आले की प्रीएक्लॅम्पसियाचा धोका वाढतो. त्याच आईला दुसऱ्या प्रकारचं बाळ झालं तर हा धोका तसा राहत नाही. पुढे युगांडाच्या मुलागो रुग्णालयात ॲनेटी नाकिमुली यांनी हेच तिथल्या बायकांमध्ये तपासलं. युरोपीय बायकांना ज्या केआयआर जनुकामुळे संरक्षण मिळत होतं, त्याच्याऐवजी युगांडात दुसरंच जनुक संरक्षण देत होतं.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आजवरचा बहुतेक जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला आहे. तिथे सापडलेला फरक इथे तसाच लागू होईल, असं धरून चालता येत नाही. आपल्याकडे पाया घालण्याचं काम झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा पिढीभर पाठपुरावा केला. हरियाणातल्या गुरुग्रामच्या सामान्य रुग्णालयात २०१५ पासून गर्भिणी नावाचा मोठा अभ्यास मुदतपूर्व प्रसूतीवर चालू आहे. पण प्रीएक्लॅम्पसियासाठी आई, बाप आणि मूल अशा तिघांचे नमुने एकत्र घेणारं मोठं काम महाराष्ट्रात उभं राहायला हवं. ग्रामीण रुग्णालयांतूनच ते उभं राहू शकतं, कारण बाळंतपणं तिथेच होतात.

आता दुसऱ्या एका दुखण्याकडे येते. त्याच्याबाबत बायकांवर झालेला अन्याय जास्त उघडा आहे आणि त्याचा उलगडाही जास्त स्वच्छ झाला आहे.

कडक डोहाळे. आपल्याकडे ह्या शब्दांत कौतुक असतं. पण शंभरात एकदोघींना इतक्या उलट्या होतात की पाण्याचा घोटही पोटात राहत नाही, वजन उतरतं, सलाइन लावावं लागतं. ह्याला हायपरएमेसिस म्हणतात. शिरेतून द्रव देण्याची सोय नव्हती त्या काळात बायका ह्याने मरत. आणि विसाव्या शतकात मोठमोठ्या वैद्यांनी ह्याचं कारण काय सांगितलं? बाईला मनातून हे मूल नको असतं. उपचार म्हणून तिला नवऱ्यापासून, आईपासून दूर एकटीला ठेवत. आपल्याकडे त्याचं घरगुती रूप आहे. ‘सगळ्यांनाच होतं, हिचंच काय एवढं. नाटक आहे, माहेरी जायचंय.’ हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, रुग्णालयात, पलंगावर डोळे मिटून पडलेल्या मुलीच्या समोर.

अमेरिकेतल्या आनुवंशिकीतज्ज्ञ मार्लीना फेझो यांना १९९९ मध्ये, दुसऱ्या गरोदरपणात, हेच झालं. त्यांना हालचालही करता येईना आणि पंधराव्या आठवड्यात त्यांचं मूल गेलं. त्यांच्या त्रासाकडेही आधी गांभीर्याने पाहिलं गेलं नव्हतं. त्यांनी पुढची वीस वर्षं कारण शोधण्यात घातली. संशोधनासाठी पैसा मिळेना, तेव्हा घरबसल्या जनुकचाचणी करून देणाऱ्या ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीला त्यांनी ग्राहकांना काही प्रश्न विचारायची विनंती केली. त्या उत्तरांतून आणि जनुकांतून २०१८ मध्ये जीडीएफ१५ हे जनुक पुढे आलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली, फेझो आणि इतरांनी पूर्ण उलगडा प्रसिद्ध केला.

जीडीएफ१५ हे संप्रेरक सगळ्यांच्याच शरीरात थोड्या प्रमाणात असतं. ते मेंदूच्या देठातल्या मळमळ जागवणाऱ्या भागावर काम करतं. गरोदरपणात आईच्या रक्तात ते फार वाढतं, आणि ते जवळजवळ सगळं मुलाकडून, म्हणजे वारेतून येतं. हे त्यांनी कसं ओळखलं, ते मला सांगावंसं वाटतं. हे प्रथिन माणसांमध्ये किंचित वेगळ्या दोन घडणींत आढळतं. आई आणि मूल यांची घडण वेगळी होती अशा गरोदरपणांत आईच्या रक्तातलं प्रथिन तपासलं. ते बहुतांश मुलाच्या घडणीचं निघालं.

पण संप्रेरक सगळ्याच गरोदर बायकांत वाढतं, मग काहींनाच इतका त्रास का? गरोदरपणाआधी बाईच्या रक्तात त्याचं प्रमाण किती होतं त्यावर ते ठरतं. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी असतं त्यांचं शरीर त्याला सरावलेलं नसतं, मग अचानक आलेला लोट त्यांना झेपत नाही. एका दुर्मीळ जनुकीय फरकामुळे हे प्रमाण खूप खाली असतं. तो फरक असलेल्या बायकांमध्ये हायपरएमेसिसचा धोका किमान दहापट आढळला. आणि तोच फरक मुलातही उतरला असेल तर आईला संरक्षण मिळतं, कारण मग वारेतून येणारं संप्रेरकही कमी असतं. एकच फरक, आईत असला तर धोका, मुलात असला तर बचाव. बीटा थॅलेसेमियाच्या बायकांमध्ये हे संप्रेरक आयुष्यभर जास्त असतं, आणि त्यांना गरोदरपणात मळमळ व उलट्या फार कमी होतात किंवा होतच नाहीत. शरीराला आधीच थोडं सरावून घेऊन हा त्रास टाळता येईल का, ह्याचे प्रयत्न आता चालले आहेत.

हे सगळं कळल्यानंतर ‘नाटक’ हा शब्द वापरायचा अधिकार कोणालाही उरत नाही. घरातल्यांना नाही, नर्सला नाही, डॉक्टरला नाही.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो आणि ती ह्या व्यासपीठावरून बोललीच पाहिजे. जनुकांचं महत्त्व कळलं तसा जनुकचाचण्यांचा धंदा वाढला. दोनदा गर्भपात झाला की एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची चाचणी लिहून दिली जाते. अहवालात ‘बदल आढळला’ असं येतं, कारण तो बदल लोकसंख्येत अतिशय सर्रास आहे. मग त्या जोडप्याला सांगितलं जातं की हाच दोष. अमेरिकेतल्या वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे की वारंवार गर्भपातासाठी ही चाचणी करू नये. तरी ती होते. त्याच्या जोडीला रक्त गोठण्याच्या आनुवंशिक प्रवृत्तीची चाचणी होते आणि पोटात रोज टोचायची हेपॅरिनची इंजेक्शनं चालू होतात, महिनोन्‌महिने. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, वारंवार गर्भपात आणि अशी आनुवंशिक प्रवृत्ती दोन्ही असलेल्या बायकांमध्ये हेपॅरिनने जिवंत मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. रक्त गोठण्याशीच संबंधित असलेला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम ही वेगळी गोष्ट आहे. तो आनुवंशिक नाही, आणि तिथे हे औषध हवंच. पण ती तपासणी वेगळी आणि तिचे नियम वेगळे. वारंवार गर्भपातात उपयोगी ठरू शकणारी एक तपासणी म्हणजे नवरा आणि बायको दोघांच्या गुणसूत्रांची, कारण अशा शंभरातल्या तीन ते पाच जोडप्यांत कोणा एकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते. नेमकी तीच तपासणी नवरा टाळतो.

प्रीएक्लॅम्पसियासाठीही सध्या कुठलीही जनुकचाचणी करून घेण्याजोगी नाही. सापडलेल्या प्रत्येक फरकाचा परिणाम छोटा आहे. ह्या घडीला बाईचा जीव वाचवतो तो दंडाला बांधलेला बीपीचा पट्टा. धोका जास्त असलेल्या बायकांना १२ आठवड्यांच्या सुमारास रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केलं तर मुदतीआधी येणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला, हे २०१७ मध्ये युरोपातल्या चाचणीने दाखवलं. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे त्यांना ते दिल्याने फायदा होतो. त्याची मात्रा किती हवी ह्याची चाचणी बंगळूर आणि टांझानियातल्या दार-ए-सलाम इथे झाली, प्रत्येकी ११ हजार बायकांवर, आणि ५०० मिलिग्रॅमची लहान मात्राही १,५०० इतकीच उपयोगी ठरली. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट आहे. २००२ मध्ये ३३ देशांतल्या १० हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे इंजेक्शन असायलाच हवं, आणि ते देण्याची भीती वाटणार नाही असं प्रशिक्षणही.

जनुकचाचणी कुठे खरोखर हवी, ते विदर्भात बोलताना वेगळं सांगायला नको. सिकलसेल. १९५८ मध्ये नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत ह्या रोगासाठी दशकानुदशकं काम केलं, त्यासाठी २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथे शेकडो फरकांचं गणित नाही. एका जनुकातल्या एका अक्षराचा बदल आहे. तो एका बाजूने आला तर माणूस वाहक असतो, साधारण निरोगी, आणि मलेरियापासून काहीसं संरक्षणही त्याला मिळतं. म्हणून तर तो बदल मलेरियाच्या पट्ट्यात टिकला. दोन्ही बाजूंनी आला तर रोग. सिकलसेलचा रोग असलेली मुलगी गरोदर राहिली की वेदनांचे झटके, छातीतला संसर्ग आणि श्वासाचा त्रास, प्रीएक्लॅम्पसिया, अपुऱ्या दिवसांचं आणि कमी वजनाचं बाळ, हे सगळे धोके वाढतात. तिचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं आणि तिची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत.

आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला रोग होण्याची शक्यता २५ टक्के. १० ते १२ आठवड्यांत वारेचा छोटासा नमुना घेऊन ते तपासता येतं, आणि कायद्याने त्याला परवानगी आहे. गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे, रक्तदोषाचं निदान करायला नाही. हा फरक गावोगावी समजावून सांगावा लागतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट. तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. पण गरोदर बाई वाहक निघाली की त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी व्हायला हवी, आणि नेमकी ती राहते. तो ऊसतोडीला गेलेला असतो, वीटभट्टीवर असतो, किंवा गावातच असतो आणि ‘मला काय झालंय’ म्हणून येत नाही. त्यात १२ आठवडे निघून जातात. तपासणीचं वेळापत्रक बाईच्या नोंदणीसोबत नवऱ्यासाठीही बांधलं गेलं पाहिजे. ही मागणी मी आरोग्य विभागाकडे इथून जाहीरपणे करते.

शेवटी ज्यांच्या गरोदरपणात बीपी वाढलं होतं, अशा इथे बसलेल्या सगळ्या बायकांना सांगायचं आहे. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, म्हणजे विषय संपला असं समजू नका. पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो आणि कायमचा रक्तदाब मागे लागण्याचा त्याहूनही जास्त. म्हणून वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, घरातल्या सुनेला घेऊन जाल तेव्हा स्वतःचंही बीपी मोजायला सांगा. रुग्णालयाने दिलेला सुट्टीचा कागद फेकू नका. आणि मुलं मोठी झाली की हे त्यांना सांगा, लेकीला तर सांगाच, पण मुलालाही सांगा, म्हणजे त्याची बायको गरोदर राहील तेव्हा पहिल्याच तपासणीत तो ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालेल.